मक्षिकांची नोंदवही

आमच्या भाषेनें माशीवर फारसा लोभ केलेला नाहीं. ज्यास कांहीं काम नाहीं तो "माशा मारीत बसला आहे" असें आपण म्हणतों. जुळत आलेलें कार्य ऐन वेळीं फिसकटलें म्हणजे "मध्येंच माशी शिंकली" म्हणतों. आणि डोळे मिटून नक्कल करणाऱ्याची संभावना "मक्षिकास्थाने मक्षिका" या दोन शब्दांनीं करितों. या शेवटच्या म्हणीची कथा बहुतेक विद्यार्थ्यांनीं ऐकिली असेल. एका लेखकास एका जुन्या पोथीची हुबेहूब नक्कल करावयास सांगितलें होतें. मूळ पानावर एक माशी चिरडून चिकटलेली होती. त्या इमानी गृहस्थानें दुसरी एक माशी मारली आणि नकलेच्या पानावर नेमकी त्याच जागीं चिकटवून दिली. आज आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस जी सूचना करणार आहों ती माशांविषयींच आहे, आणि या लेखकमहाशयांची गांठ तींत वरचेवर पडणार आहे.

सूचना अशी कीं, शाळेच्या बागेंत, घरच्या परसांत व गांवच्या तळ्याच्या कांठीं ज्या माशा आढळतात त्या ओळखण्याचा आणि त्यांची नोंद ठेवण्याचा उद्योग विद्यार्थ्यांनीं हातीं घ्यावा. (नुसतें "माशांची नोंद" म्हटलें असतें तर तळ्याकांठचा वाचक ती मासळीची समजला असता, म्हणून मथळ्यापुरता संस्कृताचा आश्रय केला आहे.) पक्ष्यांच्या व फुलपाखरांच्या याद्या करणारीं मुलें हल्लीं पुष्कळ शाळांतून दिसतात, व त्यांचें कौतुकहि होतें. तें योग्यच आहे. परंतु माशीचें नांव काढतांच घरांतील वडील मंडळी नाक मुरडतात, आणि शाळेंतहि हा विषय हिंवतापाच्या धड्यापलीकडे सहसा जात नाहीं. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. मोराचें नांव चुकणें कठीण. त्यामुळें मोर ओळखल्यानें डोळ्यास वळण लागत नाहीं. माशी पावलोपावलीं भेटते, तिला पाहण्यास पैसा लागत नाहीं, आणि ती आपलें नांव सहजासहजीं सांगत नाहीं. स्वतः काय पाहिलें आणि दुसऱ्याकडून काय ऐकिलें यांतील भेद शिकविण्यास इतका चांगला पंतोजी दुसरा मिळणार नाहीं.

प्रथम माशी कोणास म्हणावें हें ठरवूं. उडणाऱ्या बहुतेक कीटकांस चार पंख असतात. मधमाशीस चार, गांधीलमाशीस चार, तळ्यावर घिरट्या घालणाऱ्या चतुरासहि चारच. खऱ्या माशीस मात्र दोन. मागच्या पंखांच्या जागीं तिला दोन बारीक दांड्या असून त्यांच्या टोंकांस गोंडा असतो. उडतांना या दांड्या अतिशय वेगानें हालतात आणि शरीराचा तोल कोणीकडे जात आहे याची वर्दी माशीस देतात. या एका खुणेनें पाहिलें तर मधमाशी व गांधीलमाशी या नांवाच्याच माशा ठरतात, आणि डांस व चिलट हे मात्र माशीचे सख्खे भाऊबंद निघतात. हा भेद नवा नाहीं. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें दोन पंखांच्या कीटकांचा वर्ग वेगळा काढिला होता, व त्यांची नांगी पुढें, तोंडाकडे असते आणि चार पंखांच्यांची मागें असते, असेंहि नमूद करून ठेविलें आहे. डांस सोंडेनें टोंचतो व मधमाशी मागच्या टोंकानें डंख मारते, हें ज्यास अनुभवानें ठाऊक आहे त्यास त्या वृद्ध पंडिताची दृष्टि किती बारीक होती हें पटेल. आजपर्यंत जगांतील दीड लाखांहून अधिक द्विपंखी जातींचें वर्णन झालेलें असून त्यांपैकीं सहा हजारांवर जाति भारतांत आढळल्या आहेत. अर्थात् "ही माशी आहे" एवढें म्हणणें हें "हा मनुष्य आहे" म्हणण्याइतकेंच मोघम होय.

पंख न मोजल्यानें काय होतें याचें एक मोठें मौजेचें उदाहरण युरोपच्या इतिहासांत आहे. मेलेल्या बैलाच्या कलेवरांतून मधमाश्या उत्पन्न होतात, अशी प्राचीन ग्रीक व रोमन लोकांची दृढ समजूत होती. व्हर्जिलसारख्या श्रेष्ठ कवीनें आपल्या कृषिकाव्यांत ती सविस्तर वर्णिली, आणि पुढें शतकानुशतकें एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत ती उतरली गेली. १८९४ सालीं ऑस्टेन-साकेन नांवाच्या गृहस्थांनीं तिचा उलगडा केला. हे रशियाच्या वकिलातींत चाकरी केलेले. माशांचा अभ्यास हा त्यांचा आवडीचा व्यासंग. त्यांनीं दाखविलें कीं, कुजलेल्या प्रेतांतील द्रवांत वाढून बाहेर पडत होती ती मधमाशी नव्हेच. ती मधमाशीसारखी दिसणारी, अंगावर तशीच लव असलेली, परंतु दोनच पंखांची एरिस्टालिस नांवाची माशी होती. सुमारें एकोणीस शतकें विद्वानांनीं पुस्तकें उतरून घेतलीं आणि पंख कोणी मोजले नाहींत! आमचे पोथी नकलणारे गृहस्थ एकटेच होते असें म्हणण्याचें मग कारण उरत नाहीं.

या एरिस्टालिसाचे आप्त आपल्याकडेहि आहेत. घाणेरड्या पाण्याच्या डबक्यांत, उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी मागें असलेली एक मळकट अळी वळवळतांना कधीं दिसली तर ती यांच्या घराण्यांतील समजावी. ती नळी म्हणजे तिची श्वासनलिका. पाणी जसें खोल होईल तशी ती दुर्बिणीच्या नळकांड्याप्रमाणें लांबविते, व स्वतः तळाच्या चिखलांत राहून वरची हवा घेते. हीच अळी पुढें देखणी माशी होऊन बागेंतील फुलांवर परागांचें दळणवळण करूं लागते. "चिखलांत कमळ" म्हणणारांनीं या माशीसहि आपल्या दृष्टांतांत जागा द्यावी, असें आम्हांस वाटतें.

बागेंतील माशांत आमची विशेष मर्जी आहे ती सिरफिड माशीवर. कोथिंबीर फुलावर आली, मोहरी किंवा झेंडू उमलला, म्हणजे सकाळच्या उन्हांत ती फुलासमोर हवेंत टांगल्यासारखी स्थिर उभी राहिलेली दिसते. क्षणांत वीतभर बाजूस सरकते व पुन्हां तशीच उभी राहते. पोटावर पिवळे-काळे पट्टे असल्यामुळें पाहणारा ती गांधीलमाशी समजून हात आंखडता घेतो. तिला नांगीच नाहीं. पट्टे हें नुसतें सोंग आहे. तिच्या पंखाकडे भिंगांतून पाहिलें असतां मध्यभागीं एक अशी शीर दिसते कीं, ती कोठून निघत नाहीं व कोठें जाऊन मिळतहि नाहीं. शास्त्रज्ञ तिला खोटी शीर म्हणतात, आणि त्या खोट्या शिरेवरूनच या कुळाची खरी ओळख पटते. या माशांपैकीं कित्येकींच्या अळ्या मावा खाऊन वाढतात. पाय नाहींत, डोळे नाहींत, तरी एकेक अळी शेंकडों माव्यांचा फन्ना उडविते. ज्या माळ्यास ही अळी ओळखतां येत नाहीं तो माव्यावर औषध फवारतांना आपल्या फुकटच्या चाकरासहि मारून टाकतो, आणि पंधरा दिवसांनीं मावा दुप्पट झाला म्हणून पुन्हां औषध विकत आणतो.

फळमाशीचें उदाहरण याहून चटका लावणारें आहे, व कोंकणांतील पालकांस तें विशेष समजेल. आंबा पिकूं लागला कीं मादी सालीखालीं अंडीं घालते. फळ वरून सुरेख दिसतें आणि कापल्यावर आंत अळ्या निघतात. कोंकण कृषि विद्यापीठाच्या "रक्षक" सापळ्यांत जें मिथिल युजेनॉल नांवाचें द्रव्य घालतात त्याच्या वासानें आंब्यावरील माशीचे नर ओढले जाऊन मरतात. परंतु कारलीं, दोडके, काकडी यांवर जी फळमाशी येते ती दुसऱ्या जातीची. तिचे नर या वासास भुलत नाहींत, त्यांस क्यू-ल्यूर नांवाचें निराळेंच आमिष लागतें. दोन्ही माशा पिंवळट-तपकिरी, दोघींच्या पंखांवर डाग, आणि दोघींसहि लोक "फळमाशी" एवढेंच म्हणतात. आतां ज्या शेतकऱ्यानें आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवास टांगला त्याचे पैसे बुडाले. दोष सापळ्याचा नव्हे, ओळखीचा. केळ्यांच्या फणीभोंवतीं घोंघावणारें चिलट हें तर तिसरेंच. त्याच्या असंख्य लालडोळ्या भाऊबंदांत १९१० सालीं एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला, तो अमेरिकेंतील मॉर्गन यांच्या दृष्टीस पडला, आणि त्यावरून आनुवंशिक गुण कसे उतरतात या शास्त्राची दिशाच बदलली. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या शाईनें गिरगटल्यासारख्या रेघा दिसतात, त्याहि एका बारीक माशीच्या अळीनें पान आंतून पोखरल्यामुळें उमटतात. आणि ज्यांस चॉकलेट आवडतें त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कोकोच्या फुलांस फळ धरतें तें मुख्यतः टांचणीच्या डोक्याएवढ्या माशांच्या कृपेनें.

आतां तळ्याकडे वळूं. तळें रंकाळ्याएवढें असो वा देवळामागचें डबकें असो, पाण्याशेजारीं माशांची निराळीच वसति असते. सायंकाळीं कांठावर उभें राहिलें असतां डोक्यावर चिलटांचा खांबच्या खांब नाचतांना दिसतो, व लोक "डांस आले" म्हणून घाईनें परततात. त्यांतील पुष्कळसे कायरोनोमिड कुळांतील निरुपद्रवी जीव असतात. त्यांस चावण्यासारखी सोंडच नसते. नरांच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळांत राहतात. तेथें प्राणवायु कमी, म्हणून कित्येक जातींच्या अळ्यांच्या अंगांत आपल्या रक्तांतल्यासारखेंच तांबडें द्रव्य असतें व त्या लालभडक दिसतात. मासे त्यांवर पोसतात. खऱ्या डांसाची अळी पाण्याच्या पृष्ठभागास लागून असते, आणि तींतहि भेद आहे: क्युलेक्सची अळी श्वासनळी वर करून डोकें खालीं लोंबकळत ठेविते, ॲनॉफिलिसची पृष्ठभागाशीं समांतर आडवी पडून राहते. कांचेच्या पेल्यांत तळ्याचें पाणी घेऊन पांच मिनिटें स्वस्थ पाहिलें तर इयत्ता सातवींतील मुलासहि हा फरक कळतो.

हा फरक कळण्यावर मनुष्यांचे प्राण अवलंबून होते, व आहेत. डॉ. रोनाल्ड रॉस यांनीं १८९५ पासून हिंवतापाचा माग काढण्यासाठीं डांस फाडून पाहण्याचें काम चालविलें होतें. त्यांच्याजवळ कीटकशास्त्राचे ग्रंथ नव्हते. डांसांचीं शास्त्रीय नांवें त्यांस ठाऊक नव्हतीं. म्हणून त्यांनीं काय केलें? जें दिसलें तें लिहिलें. एक राखी रंगाचा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, आणि एक ठिपकेदार पंखांचा, अशा आपल्या मनच्या वर्णनांनीं ते डांस वेगळे ठेवीत. पहिल्या दोहोंत महिनोन्महिने कांहीं सांपडलें नाहीं. सिकंदराबाद येथें हुसेनखान नांवाच्या रुग्णास दर डांसामागें एक आणा देऊन त्यांनीं ठिपकेदार पंखांचे डांस चावविले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजीं त्यांपैकीं एकाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाचा जंतु त्यांस दिसला. १९०२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तो डांस ॲनॉफिलिस होता हें जगास मागाहून सांगतां आलें, कारण वर्णन खरें होतें. रॉस यांनीं हाताशीं आलेलें एखादें भारदस्त नांव चुकीनें चिकटविलें असतें तर पुढील शोधकांची वाट केवढी चुकली असती!

दुसरें उदाहरण मुंबईचें. हिंवताप दलदलींतून व गटारांतून येतो, अशी सामान्य समजूत. डॉ. बेंटली यांनीं मुंबईंतील हिंवतापाची चौकशी करून १९११ सालीं अहवाल दिला. त्यांत शहरांतील रोगाचा वाहक ॲनॉफिलिस स्टिफेन्सी ही जाति असून ती घराघरांतील विहिरींच्या व टाक्यांच्या स्वच्छ पाण्यांत वाढते असें दाखवून दिलें. लोक ज्या पाण्यास पवित्र व निर्मळ समजत त्याच पाण्यांत शत्रु होता, आणि ज्या गटाराच्या नांवानें नाक धरीत तेथें बहुधा दुसऱ्याच जातीचे डांस होते. भारतांत ॲनॉफिलिसच्या पन्नासांवर जाति आहेत; हिंवताप पसरविण्यांत प्रमुख अशा त्यांतील सहासातच. हीच स्टिफेन्सी २०१२ सालीं आफ्रिकेंत जिबूती येथें व २०१६ सालीं इथिओपियांत आढळली, व तेथील शहरांपुढें नवेंच संकट उभें राहिलें. डांसांचे नमुने बारकाईनें तपासणारें कोणी तेथें होतें म्हणूनच ही गोष्ट कळली. डेंग्यूचा डांस एडीस इजिप्ती हाहि असाच: काळा, पायांवर पांढरीं वळीं, दिवसा चावणारा, आणि तळें सोडून कुंडीखालच्या बशींत, नारळाच्या करवंटींत व टाकून दिलेल्या टायरांत वाढणारा. त्याच्या भीतीनें तळ्यावर रॉकेल ओतणें म्हणजे चोर माजघरांत असतां वेशीवर पहारा ठेवण्यासारखें आहे. तळ्यांत गप्पी मासे सोडण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं आहे. परंतु गप्पी हा परदेशांतून आणलेला मासा असून डांसाची अळी व दुसरे जलचर यांत तो भेदभाव करीत नाहीं. आधीं तळ्यांत काय आहे तें पहावें व लिहावें, मग काय सोडावयाचें तें सोडावें, असें आमचें मत आहे.

कोणी म्हणेल, ओळखण्याचा एवढा खटाटोप कशास? हल्लीं मोबाईलनें छायाचित्र काढलें कीं नांव आपोआप पुढें येतें. येतें खरें, आणि आमची खरी चिंता तीच आहे. तें साधन आपल्या संग्रहांतील चित्रांशीं मेळ घालून जवळांत जवळचें नांव सुचवितें. सुचविणें व ओळखणें यांत अंतर आहे. कित्येक माशा अशा आहेत कीं नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिल्यावांचून जन्म माशांत घालविलेल्या पंडितासहि जाति सांगतां येत नाहीं. मग छायाचित्रावरून कोण सांगणार? मुलगा मात्र यंत्रानें दाखविलेलें लांबलचक लॅटिन नांव वहींत उतरवितो, गुरुजी तें पाहून शाबासकी देतात, दुसरा मुलगा पहिल्याची वही पाहून तेंच लिहितो. मूळ पोथीच्या जागीं पडदा आला, एवढाच फरक. माशी चिकटविणें तसेंच चाललें आहे. मोबाईल वापरूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें छायाचित्र अवश्य घ्यावें, आणि एक नव्हे तर तीन घ्यावीं: वरून, बाजूनें व तोंडाकडून, पंखांच्या शिरा स्पष्ट याव्या. त्यानें सुचविलेलें नांवहि टिपावें, पण तें त्याच्या नांवावर टिपावें: "मोबाईल म्हणतो" असें. आपल्या नांवावर तेवढेंच लिहावें जेवढें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें.

समजा, एका मुलीनें असें लिहिलें: "१४ जुलै, सकाळीं साडेनऊ. पाऊस नुकताच उघडला आहे. तळ्याच्या पायरीजवळ कर्दळीच्या पानावर एक माशी. लांबी तांदळाच्या दाण्याहून कमी. पंख दोन. सर्व अंग हिरव्या धातूसारखें चकचकीत. पाय अंगाच्या मानानें फार लांब. हात नेतांच उडाली व पुन्हां त्याच पानावर येऊन बसली. अशा आणखी चार त्याच झाडावर. नांव ठाऊक नाहीं." आणि दुसऱ्या मुलानें नुसतें एक शास्त्रीय नांव लिहून खालीं रेघ ओढली. गुण द्यावयाचे झाल्यास आम्ही पहिलीस पैकींच्या पैकीं देऊं. दहा वर्षांनीं एखादा जाणता ती नोंद वाचील आणि "ही डोलिकोपोडिडी कुळांतील असावी" असें म्हणूं शकेल. दुसऱ्या नोंदीवरून त्यास एवढेंच कळेल कीं, कोणा मुलास एक नांव लिहितां येत होतें. तारीख, वेळ, जागा, हवा, कोणत्या फुलावर वा पाण्यावर, किती, काय करीत होती, आणि पाहणाराचें नांव, इतक्या गोष्टी असल्या म्हणजे नोंद जिवंत राहते. ओळख कुळापर्यंत पटली तर कुळापाशींच थांबावें. "माशी, अनोळखी" असें लिहिण्यास लाजूं नये. त्या दोन शब्दांस रॉससाहेबांची साक्ष आहे.

पालकांच्या मनांतील आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. परीक्षा जवळ आली असतां मुलानें माशांच्या मागें लागावें काय? आठवड्यांतून अर्धा तास गेल्यानें कोणाची परीक्षा बुडाल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं, आणि पाहिलेलें जसेंच्या तसें शुद्ध मराठींत लिहिण्याचा सराव निबंधाच्या वेळीं उपयोगीं पडतो तो वेगळाच. माशी घाणेरडी आहे, हा दुसरा आक्षेप. घरमाशीपुरता तो खरा आहे. पण घाण तिनें आणलेली नाहीं, आपण टाकलेली आहे. उन्हाळ्यांत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत तिला आठदहा दिवस पुरतात. तेव्हां ज्या घराच्या वहींत घरमाशांचा आंकडा आठवड्यामागून आठवडा वाढत चालला त्या घरच्या वडिलांनीं मुलावर न रागावतां परसांतील उकिरडा किती दिवसांत उचलला नाहीं तें पहावें. तळ्यावर मुलांनीं एकटें जाऊं नये, बरोबर मोठें माणूस असावें, व परत आल्यावर साबणानें हात धुवावे, हें आम्ही आग्रहानें सांगतों. तिसरा आक्षेप हिंसेचा. त्यास उत्तर सोपें आहे: कांचेचा पेला उपडा घालून खालून पुठ्ठा सरकवावा, भिंगानें पहावें, आणि सोडून द्यावें. संग्रहालयांत टांचणीस लाविलेले नमुने शास्त्रास लागतात हें खरें, पण तें काम त्यांचें त्यांस करूं द्यावें. शाळेच्या वहीस मेलेली माशी नको आहे, हें आमच्या म्हणीवरून ध्यानांत आलेंच असेल.

हें सारें पंडितांचें काम, आमच्या मुलांच्या हातून काय होणार, असें म्हणणारासहि एक शब्द सांगितला पाहिजे. भारतांतील माशांवरील जे मोठे ग्रंथ १९१२ पासून १९२३ पर्यंत "ब्रिटिश हिंदुस्थानची प्राणिसृष्टि" या मालेंत निघाले ते एन्रिको ब्रुनेटी यांचे. आणि ते पेशानें वादक होते. जर्मनींत क्रेफेल्ड या गांवच्या हौशी कीटकप्रेमी मंडळीनें संरक्षित वनांत सापळे लावून त्यांत सांपडलेले उडते कीटक तोलण्याचें व मांडून ठेवण्याचें काम वर्षानुवर्षें चालविलें. २०१७ सालीं तो जमाखर्च प्रसिद्ध झाला तेव्हां असें दिसलें कीं, सत्तावीस वर्षांत कीटकांचें वजन तीनचतुर्थांशाहून अधिक घटलें होतें. सर्व जगानें त्याची दखल घेतली. पहिल्या वर्षीं ज्यांनीं तो कंटाळवाणा आंकडा वहींत लिहिला त्यांस तो पुढें काय सांगणार आहे हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आपल्याकडे मुंबईंत १८८३ पासून निसर्गाभ्यासकांची संस्था आहे, आणि प्राणिसर्वेक्षण खात्याचें पश्चिम विभागाचें केंद्र पुण्यास आहे. विचारावयाचें झाल्यास विचारण्याजोगी माणसें आहेत. पण विचारण्यासाठीं हातांत नोंद पाहिजे.

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. शाळेनें एक जाड पुठ्ठ्याची वही करवावी व ती प्रयोगशाळेंत दोरीनें बांधून ठेवावी. तिजवर गुण नसावे, बक्षीस नसावें, कारण बक्षीस आलें कीं दुर्मीळ माशा फार दिसूं लागतात. ज्यास जें दिसेल तें त्यानें त्याच दिवशीं शाईनें लिहावें, आणि चूक आढळल्यास खोडून न टाकतां बाजूस दुरुस्ती करून सही करावी. मृगाच्या सरीपासून प्रारंभ करणें उत्तम, कारण तेव्हांपासून दिवाळीपर्यंत बाग व तळें दोन्ही भरलेलीं असतात. चैत्रांतील रिकामीं पानेंहि रिकामींच दिसूं द्यावीं, तारखेसह: "आज अर्धा तास बसलों, माशी दिसली नाहीं." नव्या वर्षीं नवी वही आरंभूं नये, जुनी भरली म्हणजे दुसरी तिच्याच पाठीशीं शिवावी, आणि शाळा सोडून जाणाऱ्या मुलांनीं शेवटच्या पानावर आपला पत्ता लिहून ठेवावा, म्हणजे त्यांच्या अनोळखी माशीचें नांव पुढें कधीं कळलें तर त्यांस कळवितां येईल.